त्यानं जेल भोगली, उपास आम्ही

"साहेब, या बाईच्या अंगाला मेंढरांचा वास येतो. माझ्या अशिलानं हिच्याबरोबर संसार करायचा तरी कसा?"

नवऱ्याचा वकील भर कोर्टात बोलला. सगळे हसले. न्यायाधीशांनीबी मान खाली घालून हसू दाबलं. मी लेकीला, सुमीला, कडेवर घेऊन उभी. तीच मेंढरं विकून बापानं माझं लगीन लावलं व्हतं. नवरा चिकलठाण्याला कंपनीत पर्मनंट झाला आन मी त्याला नकोशी झाले.

पोटगीचा हुकूम झाला. हातात काय आलं नाय. नुसत्या तारखा. विद्यापीठाच्या नामांतराचा बंद असला की माहेराहून, देवगावावरून, एसटी नाय. चुकली तारीख. शेवटी शहरातच एका वस्तीत खोली केली, बांधकामावर जाऊ लागले. शेजारीण कडूबाई. तिचा भाऊ नामांतरासाठी जेलात व्हता.

वर्षभराची पोटगी थकली तवा न्यायाधीश म्हणाले, "बाई, याला आत टाकलं तर नोकरी जाईल. मग तुलाच काही मिळणार नाही. विचार कर."

विचार मीच करायचा. त्याला कुणी म्हणलं नाय, विचार कर.

"टाका," म्हणले.

महिनाभर बसला. नोकरी गेली. सासू दारात येऊन ओरडली, "माझं लेकरू खाल्लंस!" ही शिक्षा बरोबर व्हती का? मला आजबी सांगता येत नाय. एवढंच ठावं, त्याला आत दोन वेळ भाकर व्हती. सुमीला नव्हती.

सुटल्यावर तो कोर्टात आला. म्हणाला, "महिना भोगला. फिटलं."

वकिलानं कागद पुढं केला. "हक्क सोडला म्हणून अंगठा लाव. चार पैसे देऊ."

मी अंगठा शाईत बुडवला. खरंच बुडवला. लई थकले व्हते. कडूबाई संगं आलेली. तिनं मनगट धरलं.

"माझा भाऊ हक्कासाठी आत गेला. हा तुझा हक्क बुडवून गेला. याची जेल म्हणजे फेड नव्हं, बाई."

मी शाई पदराला पुसली. "पुढल्या महिन्यांच्या पोटगीचा अर्ज करते," म्हणले.

वकील हसला. "त्याच्याकडं आता आहे काय? तुला मिळणार काय?"

"काय नाय. ठावं हाय."

अर्ज केला. मग दुसरा. खरंच काय मिळालं नाय. सुमी मोठी झाली तरी नाय. पण लेकीच्या तोंडचा घास मी त्याला माफ केला, असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नाय. मी जित्ती हाय तवर लिहूबी देणार नाय.