आपटीकर सरांची मागची खिडकी

निळकंठराव आपटीकर सरांची आणि माझी पहिली भेट तंत्रनिकेतनच्या गच्चीवर झाली. वर्गात न बसवता त्यांनी आम्हाला भर उन्हात उभं केलं आणि काळा रंग दिलेल्या डब्यातल्या पाण्यात बोट घालायला लावलं. कोळसा आणि डिझेल हेही जुनं ऊनच आहे, लाखो वर्षांची ही पुंजी आपण दोन-चार पिढ्यांत धुरात उडवतो आहोत, असं ते म्हणाले. माझं बोट चांगलंच पोळलं. बोलणं मात्र डोक्यावरून गेलं, कारण पुढे मी नई सडकेवर डिझेल जनरेटरचंच दुकान टाकलं.

सर त्यावरून कधी रागावले नाहीत. निवृत्तीनंतर ते शहरभर, मुरारपासून लष्करपर्यंतच्या वस्त्यांत सायकलवर हिंडून लोकांच्या छतांवर सोलर पॅनल बसवून देत आणि त्याबद्दल फक्त चहा घेत. जाता-येता माझ्या दुकानापाशी थांबून धुराचा धंदा कसा चाललाय, असं चिडवतही.

त्यांच्या गल्लीतल्या दुकानदारांना मोठा जनरेटर मीच बसवून दिला होता. त्याचा धूर नेमका सरांच्या मागच्या खिडकीत जाई. त्यांच्या पत्नी शालिनीकाकूंना दमा होता. सर दुकानात येऊन एवढंच म्हणाले, "मशीन जरा सरकवून घे ना. हिला खिडकी बंद ठेवावी लागते."

"पुढच्या हप्त्यात पक्कं, सर," मी म्हटलं. आठवड्यामागून आठवडे, असे किती हप्ते गेले! उन्हाळे दर साली जास्तच भाजत होते. लाइट गेली की मशीन सुरू होई आणि काकू बंद खोलीत घुसमटत. अशाच एका मे महिन्यात त्या गेल्या. डॉक्टरांनी दम्याचं नाव घेतलं, उन्हाचं घेतलं. माझं कुणीच घेतलं नाही.

तेराव्यानंतर सर दुकानात आले. मी त्यांचे पाय धरून रडलो. त्यांनी मला उठवलं, पाणी मागितलं आणि ते पिऊन म्हणाले, "तुला माफ करणं मला जमत नाही रे, अजून तरी. काम शिकवणं जमतं. उद्यापासून ये."

मी गेलो. पंचाहत्तरीला आलेले सर स्वतः शिडी चढत. एक पॅनल वाकडा बसला, तर त्यांनी तो माझ्याकडून तीनदा काढवला. गल्लीतल्या सगळ्या दुकानांच्या छतांवर पॅनल बसले आणि गेल्या महिन्यात जनरेटर तिथून हलला. त्या दिवशी सरांनी मागची खिडकी उघडायला घेतली. कडी गंजली होती. मी हात लावला, त्यांनी अडवलं नाही. खिडकी उघडली, पण वारा घ्यायला काकू नव्हत्या. सर काकूंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मला तिथे थांबवेना.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहायला मी आधी नकारच दिला होता. खरं तेवढं लिही, असा सरांचा निरोप आला, म्हणून लिहिलं.

सर, आपली प्रकृती उत्तम राहो, ती खिडकी आता कधी बंद करावी न लागो. मला माफ करणं जमेल इतकी वर्षं आपण जगावं; आणि नाहीच जमलं, तरीही जगावं.