सात आणि नऊच्या मधली

अकोल्याहून वर्षाचा, म्हणजे माझ्या भाचेसुनेचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला वरणाला फोडणी देत होते. दादाला झटका येऊन उजवी बाजू गेली होती. तो कोणालाच ओळखत नाही, सारखं ‘आठ… आठ’ करतो, असं ती सांगत होती. जन्मभर गणिताचे मास्तर, डोक्यात आकडेच फिरत असतील, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी गॅस बंद केला आणि निघाले. मूर्तिजापूर मागे पडलं तरी मनात एकच… तो आठ आकडा असेल, की मी?

कारण भावंडांत मी आठवी. नावाचा विचार करायचाही घरच्यांना कंटाळा आलेला, म्हणून आठी. त्यात कपाळावर कायम आठी, मग काय, नाव चिकटलंच. दादा तेव्हा बार्शीटाकळीला मास्तर होता. एका सुटीत त्यानं पाटीवर लिहिलं : १२३४५६७९. यातला आवडता अंक सांगा म्हणाला. एका भावानं तीन सांगितला. तीन नव्वे सत्तावीस, म्हणून सत्तावीसनं तो आकडा गुणायला लावला. उत्तरात ओळीनं नऊ वेळा तीन! ताईनं पाच सांगितला, तिला पंचेचाळीसनं गुणून सगळे पाच. घरात नुसता कल्ला. मी पाटी पाहिली आणि भोकाड पसरलं. त्यात आठच नव्हता.

दादानं मला जवळ ओढलं. “आठे, बहात्तरनं गुणून पाय. हातचा इसरू नोको.”

रडत रडत गुणलं. नऊच्या नऊ आठ! आपण या घरात उगाच आलेलो नाही, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यानं हा खेळ दाखवला. कोणी साधा कॅल्क्युलेटर काढला की खूश व्हायचा, कारण त्यात उत्तराचे नऊ अंक मावतच नाहीत. पण आधीच बजावायचा, “आठ सोडून सांगा, तो देल्ला हाय.” कोणाला, ते कधी बोलला नाही. मलाही नाही.

खाटेशी बसून विचारलं, “दादा, मले ओळखलं का?” तो नुसता बघत राहिला. फार वाईट वाटलं. जवळच त्याच्या नातीची पाटी होती. तिच्यावर तो आकडा लिहिला, पण घाईत, सवयीनं, आठासकट. दादानं डावा अंगठा टेकवून तो आठ पुसला. मग खुणेनं लेखणी मागितली आणि खाली वेडंवाकडं लिहिलं, ७२. माझ्याकडे पाहून म्हणाला, “हातचा…”

त्याच आठवड्यात तो गेला.

ती पाटी मी मागून आणली. ओट्यावर मिक्सरच्या मागे असते. काल गुणाकार करायला घेतला, तर मध्येच एक सात आला. हातचा विसरले होते, दुसरं काय! पुन्हा केला, सगळे आठ आले. वर सात आणि नऊच्या मध्ये त्याच्या अंगठ्याचा पुसट डाग आहे. तिथे मी ओलं फडकं लागू देत नाही.