सुल्माबाईंचा थर्मास

सुल्माबाईंची नक्कल करायला फारशी अक्कल लागत नाही. डावा खांदा जरा पाडायचा, काखेत थर्मास असल्यासारखा दंड अंगाशी दाबायचा आणि घशात वाळू अडकल्यागत म्हणायचं, "ता." झाली नक्कल. आमच्या शाळेतलं पहिल्या वर्षाचं पोरही करतं. पण ती सगळी एकच 'ता' करतात. 'ता' म्हणजे आमच्याकडचं 'बरं'; बाईंचे 'ता' निरनिराळे आहेत. एक 'कळलं'चा, एक 'पुरे'चा, एक 'थाप मारतोयस हे मला ठाऊक आहे, पण चालू दे'चा. ते सगळे मला यायचे. एकदा तर मुख्याध्यापकांच्या दारामागून मी 'पुरे'चा ता काढला आणि आत बोलत असलेले साहित्याचे सर मधल्या शब्दावर गप्प झाले. असा माझा लौकिक.

बाई काही शिकवत नाहीत. सुल्मा बिदेगाईन, वय छप्पन्न, काम हजेरी घ्यायचं. पण हजेरी म्हणजे सगळंच. कोण उशिरा आलं, कोणाचं पोट दुखतंय, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या घरी बाप चार दिवस आलेला नाही. जिन्याखाली त्यांची खोली आहे. पूर्वी तिथं नकाशे ठेवायचे. एक टेबल, दोन खुर्च्या, भोपळ्याचा पेला, त्यात येर्बाची, म्हणजे आमच्या कडू चहाची पानं, तो ओढून प्यायची धातूची नळी आणि तो हिरवा, पोचे आलेला थर्मास. येर्बा आमच्याकडे कोण पीत नाही? नदीवर, बसमध्ये, स्मशानातसुद्धा लोक काखेत थर्मास मारून जातात. पण बाईंच्या खोलीचा नियम वेगळा होता. आत आलेल्याला काही विचारायचं नाही. पेला भरायचा, हातात द्यायचा, रिकामा झाला की परत घ्यायचा, पुन्हा भरायचा. एक थर्मास संपेपर्यंत पोरानं बसायचं. बोललं तर बोललं, नाही तर नाही. थर्मास संपला की वर्गात जायचं. रडत असलं तरी जायचं, पण तोंड धुऊन.

"आणि बाई, काहीच नाही बोललं कोणी तर?" असं मी एकदा विचारलं होतं, दारातूनच, खोडसाळपणे.

"तर मला गरम पाणी मिळतं," बाई म्हणाल्या. "तुझ्यासारखी आली की तेही थंड होतं. पळ."

खरी मानसोपचाराची डॉक्टर दुसऱ्या गावाहून पंधरा दिवसांतून एकदा यायची आणि बाईंच्याच खोलीत पोरांना भेटायची. सात शाळांना मिळून ती एक. तिच्या यादीत नंबर लावायचा तर बाई चिठ्ठ्या पाठवायच्या, फोन करायच्या, त्या वाळूभरल्या आवाजात भांडायच्या. पोरांना सांगायच्या, "औषध तिच्याकडे. माझ्याकडे फक्त पाणी."

आता माझी गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण ती वगळली तर बाईंची गोष्ट अर्धीच राहते.

जिन्याखालच्या खोलीला लागून मुलींचं स्वच्छतागृह आहे. मधल्या भिंतीत वर एक झरोका. भौतिकशास्त्राचा तास चुकवायला मी तिथं जाऊन बसायचे. ऑगस्टातल्या, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यातल्या, एका सकाळी पलीकडून लाउतारोचा आवाज आला. लाउतारो बेरेत्ता, आमच्याच वर्गातला, शाळेच्या संघाचा गोलकीपर. दारातून वाकून येणारा उंच पोरगा. अंगावर चेंडू आला तर डोळा न मिटणारा.

"बाई, श्वास आत जातो, पण बाहेरच येत नाही," तो म्हणत होता. "गेटपाशी आलो की हात बधिर होतात. म्हणून मी एक थांबा आधी उतरतो. तिथं बसतो. मग तास बुडतो."

मग एक आवाज आला. हवा आत ओढल्याचा, वर तीन बारीक उचक्या, शेवटची मोडलेली. आणि बाई म्हणाल्या, "ता. घाई नाही. घे, पेला धर. गरम आहे बघ."

माणसानं अशा वेळी उठून जावं. मी नाही उठले. माझ्या मनात काय आलं सांगू? 'अरे, किती सुंदर आवाज आहे हा, अगदी जमवण्यासारखा.' खरंच हेच आलं. मी आरशासमोर उभी राहून हळूच करून पाहिला. तिसऱ्या वेळी जमला. पुढचे तीन आठवडे मी बरोबर त्याच वेळेला तिथं जात राहिले. डॉक्टरांच्या यादीत त्याला ऑक्टोबरातला दुसरा गुरुवार मिळाला, दहाची वेळ, हेही मी तिथूनच ऐकलं. "चुकवू नकोस हं," बाई त्याला म्हणत होत्या. "हा गेला तर नाव तळाला जातं. मग उन्हाळ्याची सुट्टी, मग थेट मार्च."

एकवीस सप्टेंबरला वसंताचा दिवस. सगळी शाळा नदीकाठी. गिटार, तळलेल्या पोळ्या, संत्री, मुलांच्या अंगात आलेलं. "आरा, कर ना! आरासेली, ए, मुख्याध्यापक कर!" मी मुख्याध्यापक केले. साहित्याचे सर केले, त्यांच्या शिट्टीवाल्या 'स'सकट. पोरं गवतावर लोळत होती. मग मी कोणाचा तरी थर्मास उचलून काखेत मारला आणि सुल्माबाई झाले. पण बाई एकट्या कशा करायच्या? समोर कोणीतरी लागतंच. मी नाव नाही घेतलं. नावाची गरजच नव्हती. मी दोन्ही हात काखेत खुपसले, गोलकीपर हातमोजे घालून उभे राहतात तसे, दारातून आल्यासारखी वाकले आणि तो आवाज काढला.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तर आपला लाउतारो!"

हसणं जे फुटलं! सर्वांत मोठ्यानं लाउतारो हसला. उभा राहून टाळ्या वाजवल्या त्यानं. "शाब्बास, आरा!" म्हणाला. आणि मी, मूर्ख, वाकून मुजरा केला.

सोमवारी तो आला. बाईंच्या खोलीतही गेला, पण पहिलाच पेला परत देताना 'ग्रासियास' म्हणाला. आमच्याकडे पेला परत देताना आभार मानले की आता आणखी नको असा अर्थ होतो. पहिल्याच पेल्याला असं म्हणणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. मंगळवारी तो शाळेत आलाच नाही. बुधवारीही नाही.

आणि तो एकटाच नाही. त्या खोलीत जाणारी बाकीची पोरंही बंद झाली. कोणी काही बोललं नव्हतं, पण भिंत ऐकते हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. वर्गात कोणी डोळे पुसले तरी बाकीचे माझ्याकडे बघायचे. दुपारी शाळा सुटताना बाई गेटपाशी थांबायच्या, थर्मासचं झाकण फिरवायच्या आणि आतलं कोमट पाणी तिथल्या लिंबाच्या झाडाला ओतायच्या. भरलेला थर्मास. एक दिवस, दोन दिवस, सलग आठवडा. पाणी संपायला बराच वेळ लागतो, उभं राहून बघितलं की कळतं.

ऑक्टोबरातला तो दुसरा गुरुवार जवळ आला. मंगळवारी मी जिन्याखाली गेले. आत जाऊन खुर्चीवर बसले. बाईंनी पेला भरला, पुढे केला. मला तो घ्यायचा धीर होईना.

"बाई, ती मी," मी म्हणाले. "झरोक्यातून ऐकलं. नदीवर केलं."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीच कळलं. तीन जणांनी येऊन सांगितलं, तिघांनी वेगवेगळं करून दाखवलं. तुझ्याइतकं कोणालाच आलं नाही." मग म्हणाल्या, "ऊठ. माझी नक्कल कर."

"बाई, नको ना."

"कर म्हणते ना."

मी केली. खांदा पाडला, दंड दाबला, वाळू, ता. बाई खो खो हसल्या, खोकला येईपर्यंत.

"खांदा फार पाडतेस. एवढी काही मी मोडलेली नाही अजून. आणि आवाज... हा आवाज कसा आला माहीत आहे? एकोणीस वर्षं भूगोल शिकवला. चाळीस पोरांवर ओरडून ओरडून घशात गाठी आल्या. कापल्या तेव्हा डॉक्टर म्हणाला, बाई, बोलायचं का जगायचं ते ठरवा. म्हणून इथं, नकाशांच्या खोलीत. मला वाटलं होतं, आता काय, झुरळांबरोबर निवृत्त होणार. तर पोरं येऊन बोलायला लागली. आधी मीच त्यांना बोलू देत नव्हते ना." त्यांनी पेल्यातली नळी सरळ केली. "ता. आता त्याची कर."

मी उभी राहिले. येत नव्हतं असं नाही. आवाज घशात तयार होता, बोलावल्याबरोबर बाहेर पडला असता. खरी लाज त्याचीच. मी मान हलवली.

"का?"

"नाही करत."

बाईंनी तेव्हा एक 'ता' म्हटला. नुसता, श्वास सोडल्यासारखा. हा माझ्या संग्रहात नव्हता.

"मी वर्गासमोर माफी मागते," मी म्हणाले. "गुरुवारच्या आत. सगळ्यांसमोर."

"म्हणजे त्याच नाटकाचा दुसरा प्रयोग, या खेपेला नावासकट?"

"मग मी काय करू, बाई?"

"मला काय विचारतेस! केलंस तू." आवाज चढला आणि फाटला. त्यांनी गळ्याला हात लावला. मग हळू म्हणाल्या, "झरोका माझ्याच खोलीचा. दोनदा अर्ज केला, सुतार आला नाही. तिसऱ्यांदा करायचा राहून गेला. तिथं एक जुना स्वेटर कोंबला असता तरी भागलं असतं. मलाही कोणाकडे जाऊन बसावंसं वाटतंय, पण कोणाकडे जाणार?"

बुधवारी मी लाउतारोच्या घरी गेले. संत्र्यांच्या गोदामामागे त्यांची घरं आहेत. तो भिंतीवर चेंडू मारत होता. मला पाहून थांबला नाही.

"मी माफी मागायला आले."

"छान केलंस तू," तो म्हणाला. चेंडू भिंतीवर. "अगदी तसाच येतो. मला माहीतच नव्हतं बाहेरून कसा ऐकू येतो ते." चेंडू भिंतीवर. "आईला करून दाखवलास का? तिला नाही माहीत अजून."

"लाउतारो, मी गाढव आहे."

"गाढवाची कधी केलीस का? सोपी पडेल."

मी हसले नाही. तोही नाही.

"उद्या दहा वाजता डॉक्टर येणार आहे," मी म्हणाले. "चुकवू नकोस. नाव तळाला जाईल."

त्यानं चेंडू हातात धरला. पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "तेही ऐकलंस?"

तोंडातून निघून गेलं होतं. आता परत कुठं घेणार?

"जा, आरासेली," तो म्हणाला. पूर्ण नावानं.

गुरुवारी साडेनऊलाच मी स्वच्छतागृहात होते. खिशात घरून आणलेला जाड टॉवेल. सिंकवर चढून तो झरोक्यात कोंबला, अगदी ठासून. तरी मन खाई. मग आतून कडी लावून दाराला पाठ टेकून उभी राहिले. बाहेर पोरी आल्या, दार ढकललं. आमचे झाडूवाले इलारियोकाका बोलताना दातांच्या कवळीचा खटका देतात. मी तो खटका देऊन गरजले, "फरशी ओली आहे, खट्, पाय मोडून घ्याल, वरच्या मजल्यावर जा!"

"हो हो, इलारियोकाका!" म्हणत पोरी पळाल्या. तासाभरात पाच वेळा मी इलारियोकाका झाले. सहाव्या वेळी दाराबाहेर खुद्द इलारियोकाका होते. "आत कोण आहे?" त्यांनी विचारलं. काय सांगणार? दार उघडलं. त्यांनी सिंकवरचे बुटांचे ठसे पाहिले, वरचा टॉवेल पाहिला, मला पाहिलं. मग बादली दारात आडवी लावून स्वतःच तिथं फरशी ओली करायला लागले.

तो आला की नाही हे मला कळायला मार्गच नव्हता. कान भिंतीला लावला असता तर कळलं असतं. मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि उभी राहिले. लहान मुलीसारखी, त्या फिनेलच्या वासात, किती वेळ कोण जाणे.

दुपारी शाळा सुटली. मी गेटपाशी, जरा लांब. बाई आल्या. काखेत हिरवा थर्मास. लिंबाच्या झाडापाशी थांबल्या, झाकण फिरवलं आणि थर्मास उलटा धरला. दोन थेंब पडले. बाईंनी तो झटकला, झाकण लावलं, पुन्हा काखेत मारला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी काही विचारलं नाही.

लाउतारो आता शाळेत येतो, तसाच एक थांबा आधी उतरून, पण येतो. पंधरा दिवसांनी एकदा दहाच्या तासाला वर्गात नसतो. माझ्याशी बोलत नाही. त्या झरोक्यावर सुतारानं फळी ठोकली आहे. मुलं अजून म्हणतात, "आरा, कर ना!" मी मुख्याध्यापक करते, साहित्याचे सर करते. सुल्माबाई केल्या तर खांदा थोडा कमी पाडते. तो दुसरा आवाज करत नाही. पण येतो मला. विसरलेली नाही. कोणी म्हणालं तर या क्षणी काढता येईल, शेवटच्या मोडलेल्या उचकीसकट.