शेततळ्यातून धरणात: दोघांची शिडाची नाव

बारा फुटी प्लायवुडची नाव, तिच्यावरचं फायबर, सुकाणू, दोन वल्ही, पाण्यात खाली सोडायची मधली फळी, तुषार सिंचनाच्या ॲल्युमिनियम पाइपची डोलकाठी, ताडपत्रीचं शीड आणि हे सगळं वाहून न्यायचा ट्रेलर. एवढं मी माझ्या हातांनी केलं. शीड शिवताना बायकोच्या मशीनच्या तीन सुया मोडल्या, तेही लिहून ठेवतो. विकत घेतली ती फक्त लाइफ जॅकेटं.

माझं पलूसकडे वेल्डिंगचं शेड आहे आणि थोडी शेती. शिक्षण दहावी. नाव बांधायला कुणी शिकवलं नाही. चाचणी गावातल्या शेततळ्यात घेतली, तेव्हा बायको, सुनंदा, बांधावर उभी राहून बघत होती. आत बसली नाही. तीन वर्षं तिचं अंगण या नावेनं अडवलं होतं, वाळवण घालायला जागा नव्हती.

धरणातल्या बेटावर एक रात्र काढायची म्हणून एप्रिलमधल्या एका शनिवारी पहाटे पाचला दोघं निघालो. कराड, सातारा, मेढा. ट्रेलर असल्यामुळे चाळीसच्या वर गेलो नाही, साडेतीन तास लागले. जाऊन-येऊन डिझेल अठराशेचं. साताऱ्याच्या अलीकडे मिसळ खाल्ली, ठीक होती, रस्सा पातळ. धरणाच्या कार्यालयातून परवानगी आधीच काढा. मला दोन हेलपाटे पडले.

नाव पाण्यात सोडताना काठावर तंबूंचा धंदा करणारा एक तरुण आला. चारी बाजूंनी फिरला, सांध्यांवरून बोटं फिरवली आणि थेट आकडाच बोलला. आकडा शेवटी सांगतो. मी हसलो. सुनंदा हसली नाही.

"देऊन टाका की," ती म्हणाली. "आवं, अंगण तरी मोकळं हुईल."

"आधी बस तर."

"बसते. उद्या हितं परत येईस्तोवर मला बरं वाटलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर ह्येंला द्यायची. व्हय का न्हाई?"

तो तरुण ऐकत उभा होता, त्यानं माझा फोन नंबर घेतला. मी व्हय म्हणालो.

बेट म्हणजे बुडालेल्या टेकडीचा माथा. चार बाभळी आणि करवंदीच्या जाळ्या. सरळ गेलं तर दीड किलोमीटर, पण वारा समोरून, म्हणून नागमोडी जावं लागलं. सुनंदा दोन्ही हातांनी कड धरून बसली होती. प्रत्येक वळणाला शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून फिरायचा आणि मी ओरडायचो, "डोकं खाली!" पाचव्या वळणाला ती म्हणाली, "वरडू नगा, मला दिसतंय." मी शिडाकडे कमी आणि तिच्या तोंडाकडेच जास्त बघत होतो.

बेटावर भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि घरचे बेदाणे. सूर्य मावळताना ती एकदा "झ्याक हाय" म्हणाली. ते नावेबद्दल की पाण्याबद्दल, विचारायचं धाडस झालं नाही. नाव मी गाळावर अर्धी ओढून बाभळीला बांधली. रात्री तीनदा उठून दोर तपासला. दोर घट्ट होता. पाणी बघितलं नाही.

सकाळी नाव पूर्ण कोरडी, पाण्यापासून पंधरा पावलं लांब. पाणी वीतभरच उतरलं होतं, पण गाळाचा उतार ताटासारखा सपाट. मी डोकं धरून बसलो.

सुनंदा पाण्याकडे बघत म्हणाली, "चार दिसांमागं कॅनॉलला पाणी सुटलं म्हणून तुमीच पेढं वाटलं न्हवं का? त्ये कुठनं आलं वाटलं तुमाला?"

तीस वर्षं मी त्याच पाण्यावर ऊस भिजवतोय. आवर्तनाच्या तारखा तोंडपाठ. आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नाव एकशे चाळीस किलोची, वजनकाट्यावर घातलेली आहे. ढकलली, हलेना. मी डोलकाठी काढून तिच्यावरून नाव सरकवायचं ठरवलं.

"ती वाकली तर शीड कशाला बांधणार? माझ्या लुगड्याला?" ती म्हणाली. "गोठ्यात शेणपाण्यावरनं म्हस घसरती का न्हाई? तसं करू."

झुणक्याचं पातेलं घेऊन तिनं नावेपुढचा गाळ भिजवायला सुरुवात केली. ती ओतायची, मी ढकलायचो. दर खेपेला हातभर. मध्येच मी तोंडावर पडलो, तेव्हा ती इतकी हसली की पातेलं सांडलं. तीन तासांनी नाव तरंगली. दोघंही कमरेपर्यंत चिखलात.

परतताना वारा पाठीमागून होता. ती म्हणाली, "सरका, मला धरू द्या." सुकाणू दिलं. हातांना काही कामच उरलं नाही. मी दोनदा सूचना द्यायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. तिनं काठाला नाव अलगद लावली, शेततळ्यात मला एकदाही लावता आली नव्हती तशी. पण ठरलेल्या गोष्टीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तो तरुण वाट बघून गेला होता. घरापर्यंत मीही विचारलं नाही.

आता नाव पुन्हा अंगणात आहे. तळाचा गाळ मी अजून धुतलेला नाही. सोमवारी सुनंदा नावेच्या काठावर कुरडया वाळत घालत होती, तेव्हा त्या तंबूवाल्या तरुणाचा फोन आला. मी स्पीकर लावला. त्यानं आकडा पुन्हा सांगितला: एक लाख चाळीस हजार, ट्रेलरसकट, रोख.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं कुरडई सरळ केली आणि म्हणाली, "न्हाई म्हणा."

एक लाख चाळीस हजाराला मी न्हाई म्हणालो.