ऑपरेशनच्या सकाळी हॉस्टेलचं वाय-फाय

परळच्या हॉस्टेलवर राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी गावाहून दादाचा फोन... बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन अलीकडे आलंय, उद्या सकाळीच. त्यानंतर डॉक्टर पुन्हा तालुक्याला कधी येतील, सांगता येत नाही.

कोरोनाचं दुसरं वर्ष होतं ते. बाहेरगावून आलेल्या मुलींनी काही दिवस खोलीतच राहायचं, असा नियम. त्यात समोरच्या खोलीतली मुलगी पॉझिटिव्ह निघाली, त्यामुळे कॉरिडॉरसुद्धा बंद. गावी जायचा प्रश्नच नव्हता.

मोतीबिंदूचं तर ऑपरेशन, त्यात काय एवढं... असं कुणीही म्हणेल. पण बाबांना एकच डोळा आहे. दुसरा गिरणीत गेला, चालत्या मागावरून आडवं सूत नेणारा धोटा उडून लागला तेव्हा.

आणि कान गेले साचाखात्यात. तिथे कापड विणायचे, सगळे माग एकदम धडधडायचे. संपानंतर जी थोडी माणसं परत कामावर घेतली त्यांत बाबा होते, आणि ऐकू येणं जे काही उरलं होतं ते त्या वर्षांत संपलं. आता ते आमचे ओठ बघून बोलणं ओळखतात. म्हणजे तो एक डोळाच त्यांचा कानसुद्धा...

दादा म्हणाला, "तुला बघायचा हट्ट धरून बसलेत. 'चेडू दिसल्याशिवाय मी आत जावचंय नाय' म्हणतात. तू सकाळी व्हिडिओ कॉल कर. कसंही कर."

कसंही म्हणजे कसं? माझी खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला, जुन्या दगडी भिंतींची. साधा फोन खिडकीला चिकटून उभं राहिलं तर लागायचा, पण मोबाईलचं नेट शून्य. हॉस्टेलचं वाय-फाय फुल्ल दिसत होतं... फक्त मला आत घेत नव्हतं. पासवर्ड टाकला की एकच उत्तर, तुमच्या डिव्हाइसची नोंदणी नाही.

नोंदणीसाठी फोन घेऊन नेटवर्कच्या ऑफिसात जायचं असतं. मी खोलीत कोंडलेली, ऑफिसला कुलूप आणि नेटवर्कचे सर स्वतः आजारी, नायगावला घरी. हे सगळं वॉर्डन मॅडमनी बंद दाराबाहेरून सांगितलं. मी रडवेल्या आवाजात बाबांचं सांगितलं. बाहेर चपलांचा आवाज लांब गेला... मला वाटलं, संपलं.

रात्रभर नीट झोप नाही. भूल दिल्यावर बाबांना काही झालं तर? डोळाच गेला तर? नको नको ते मनात येत होतं.

सकाळी दारावर थाप पडली. मॅडम डबल मास्क लावून बाहेर. "सरांशी बोललेय. ते घरूनच सिस्टिममध्ये नाव घालतायत. फोनच्या सेटिंगमध्ये जा, वाय-फायचा ॲड्रेस वाच. मोठ्याने!"

तो ॲड्रेस म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरांची लांबच लांब माळ. मी दाराच्या आतून ओरडून वाचायचं, मॅडमनी लिहून घ्यायचं, मग केबिनमधल्या लँडलाइनवरून सरांना सांगायचं. झालं. मी पासवर्ड टाकला... नोंदणी नाही.

तेवढ्यात दादाचा फोन. "अगं, डोळ्यात थेंब घातले. दोन पेशंट झाले की बाबांचा नंबर."

मॅडम परत आल्या. परत वाचलं. मध्येच त्या ओरडल्या, "थांब! हे बोरिवलीचं बी की डोंबिवलीचं डी?"

"डोंबिवली, मॅडम! डोंबिवली!"

"मी बोरिवली लिहिलं की गं!" आणि त्या चक्क धावत गेल्या. पन्नाशीच्या बाईच्या चपलांचा तो आवाज मी आजही विसरलेले नाही...

या वेळी फोन जोडला गेला. लगेच कॉल लावला. स्क्रीनवर बाबा, डोक्याला हिरवी टोपी, चेहरा एवढासा झालेला. मी बोलत होते आणि ते डोळा बारीक करून नुसते बघत होते. "माका कायच दिसना नाय गो..." थेंबांमुळे समोरचं सगळं धूसर झालं होतं. माझे ओठ त्यांना दिसतच नव्हते.

मागून नर्सचा आवाज आला, "चला काका."

मग मी फोन खिडकीत टेकवला आणि मागे सरून भिंतीपाशी उभी राहिले. साचाखात्यात ही माणसं हातांनी बोलायची. कुणाला जरा बाहेर जायचं असलं की शेजारचा दोन्ही हात छातीवर आपटायचा आणि मग एक हात लांब फिरवायचा... जा तू, तुझे माग मी बघतो. लहानपणी बाबा आम्हाला हे करून दाखवायचे.

मी तेच केलं. मोठ्ठं. एकदा, दोनदा, परत परत.

बाबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात आपटला आणि म्हणाले, "दिसलंस गो." मग दादाचा आधार घेऊन उठले.

नंतरचा वेळ मी दाराला टेकून बसून काढला. बाहेर मॅडम खुर्ची घेऊन बसल्या होत्या. "काही कळलं का?" मधूनमधून एवढंच विचारत होत्या. दुपारी दादाचा मेसेज आला, सगळं व्यवस्थित झालं. मी वाचून दाखवलं, तेव्हा बाहेरून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

मॅडम, आणि तापात उठून कॉम्प्युटरसमोर बसलेले सर... तुम्हा दोघांचे आभार तेव्हा धड मानताही आले नाहीत. ते आज मानते.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर बाबांनीच कॉल लावायला सांगितला. फोन अगदी जवळ धरून मला न्याहाळलं. मग म्हणाले, "केस इंचर गो आधी."

मी केस तसेच विस्कटलेले ठेवले आणि पोटभर रडून घेतलं...