सहावा मणी

मणी ओवणाऱ्या बाईच्या हाताले एक खोड असते. फुटका, रंग उडालेला, भलत्याच जातीचा मणी बोटाखाली आला की बोट त्याले आपोआप बाजूले सारते. डोळ्याले कळायच्या आत. माहं नाव हलिमा. चाळीस वर्सं झाली, मी अनसिंगात काळी पोत गाठवते, मंगळसूत्रं ओवते, बैलांच्या गळ्यातल्या माळा बी करते. निम्म्या गावाच्या सुनांच्या गळ्यात माहे मणी हायेत, पण एकीनं बी कधी म्हणलं नाई की चाची, एक मणी चुकला. म्हणूनच तं त्या रविवारी मी अशी तोंडावर आपटली! पण ते मागून. आधी सुकेशनी सांगते.

सुकेशनी म्हणजे आमच्या बाजूच्या उकंडराव गवंड्याची पोरगी. तेवीस वर्साची. अंगानं काडी, डोळे मात्र हे एवढाले. तिले सिकलसेल हाय. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात अन् बारीक नसांत अडकून बसतात. मंग हाडं अशी दुखतात की पोरगी ओरडत बी नाई, नुसती भिंतीकडे तोंड करून पडते. तरी अमरावतीले राहून एम.एस्सी. झाली बापा! आता घरूनच तिथल्या एका मॅडमसाठी लॅपटॉपवर काम करते. तिच्या घरावर टिनं, दुपारी नुसती भट्टी. म्हणून जेवण झालं की लॅपटॉप घेऊन माह्या ओसरीत येते अन् बाजेवर पडते.

तिच्या लॅपटॉपात एक गोळा फिरत राहते. निळा, लाल, पिवळा, जसा कोणी रंगीत दोऱ्याचा गुंता पाण्यात सोडला. हळूहळू फिरते. मी खाली चटईवर ओवत बसते, वर पंखा कुरकुर करते, लांबून गाडीचा भोंगा येते अन् जाते. त्या गोळ्याकडे पाहता पाहता माही कितीदा झापड लागली, सांगता नाई येत.

"हे काय करून राह्यली वं तू?" म्या एक दिवस इचारलं.

"चाची, हे प्रथिन. तुह्यासारखीच माळ हाय. वीस जातीचे मणी असतात. पण ही माळ सरळ नाई राहत, आपली आपणच गोळा होते. मंग पहिल्या मण्याच्या बाजूले कधी शंभरावा येऊन बसते. कोण कोणाले शिवते, ते मी लिहून काढते."

"एवढ्यासाठी एम.एस्सी.?"

"एवढ्यावरच सारं चालते, चाची. ओवताना कोण कोणाजवळ होता, त्याले काई अर्थ नाई. गोळा झाल्यावर कोण कोणाले टेकला, ते खरं." मंग ती गालात हसली. "अन् इथं कोणी कोणाले शिवलं तं इटाळ नाई होत."

लय टोचून बोलते कधी कधी. पण दुखणं निघालं, गोळ्या पोटात गेल्या, की तिचा आवाज दुरून आल्यासारखा होते. डोळे मिटून म्हणते, "चाची, मी आत हाओ. मण्यावर बसली हाओ. डाव्या अंगाले एक, उजव्या अंगाले एक, डोक्यावर तिसरा. कोणाचा कोणाले भार नाई." मी हातातली सुई थांबवते. मले बी वाटते की आपण त्या रंगीत गुंत्यात उतरलो, भवती सारे मणी गुपचूप टेकून बसले हायेत, अन् कोणी कोणाले "सरक" म्हणून नाई राह्यलं. असं गाव कुठं हाय, सांगा!

आता तिची माय सांगते. गोमतीबाई. लय गरीब बाई, तिच्या तोंडात तीळ भिजत नाई म्हणावं तं उलटं, तिच्या तोंडातून शब्दच निघत नाई. सुकेशनी दुसरीत होती तवा तिचा आजार कळला. गोमतीबाईचं रक्त तपासलं, तं तिच्यात बी त्याचा अंश निघाला. तिले सोताले काई त्रास नाई, टोपलं उचलते, निंदाले जाते. पण तिच्या सासूनं, रुखमाबाईनं, हापशीवर बायांमधी उभं राहून म्हणलं, "हिच्याच रक्तात खोट हाय. हिनंच माह्या नातीले इख पाजलं." म्या माह्या कानानं आयकलं. उकंडराव बाजूलेच उभा होता. खाली पाहून राह्यला होता.

त्या दिवसापासून गोमतीबाई दुसऱ्याचं लेकरू मांडीवर घेत नाई. बारशाले गेली तं दाराशी बसते. रुखमाबाई मरून पाच वर्सं झाली, पण ते बोलणं काई मेलं नाई.

मी समजे, असंनच मायचं रक्त खराब. सुकेशनीनं एक दिवस माहे डोळे उघडले. गोळा फिरवता फिरवता थांबवला अन् एका ठिकाणी बोट ठेवलं. "चाची, रक्तातल्या प्रथिनाची एकशे शेहेचाळीस मण्यांची ही माळ. त्यातला सहावा मणी बदलला, बस. मूळचा मणी पाण्यात रमणारा, आपला बाहेर राहते. त्याच्या जागी आला तो पाण्याले भिणारा. तो कोरडी जागा धुंडते. बाजूच्या गोळ्याले एक खोबण असते, पंच्याऐंशीव्या अन् अठ्ठ्याऐंशीव्या मण्यापाशी, तिथं जाऊन तो घुसते. मंग गोळ्याले गोळा, त्याले आणखी एक, अशी लाइन लागते. अन् पेशी वाकते."

"एका मण्यानं?"

"एका मण्यानं. पण अशी माळ एकीकडून आली तं काई होत नाई. माय धडधाकट हाय ना? तशीच. दोन्हीकडून आली तं माह्यासारखं होते."

माही सुई हातातच राह्यली. "म्हणजे उकंडराव बी?"

"बाबांनी कधी तपासलंच नाई," ती म्हणली. "पण त्याच्याबिगर मी अशी होऊच शकत नाई."

तौबा! माहं डोकं असं तापलं की सांगू नका. मी असती तं तवाच भर चौकात सांगतलं असतं. सुकेशनी म्हणली, "नाई चाची. नुसतं तोंडानं सांगतलं तं माय म्हणीन, बाबाले काई बोलू नको. मले तिले दाखवायचं हाय. हाताले लागलं तं तिले पटीन. तू मले दोन माळा ओवून दे, एक चांगली, एक माही. रविवारी बाबा घरी राहतात, तवा दोघायसमोर ठेवते."

तिनं दोन कागदं देल्ली. एकशे शेहेचाळीस मण्यांचे रंग, एकाखाली एक. एवढ्या रंगांचे मणी गोळा करता करता माह्या पेटीचा तळ दिसला, दोन रंग तं वाशीमहून आणले. चार दुपारी बसली मी. पहिली माळ झाली. तिच्यात सहावा अन् सातवा जोडीनं लाल होता. दुसरी ओवाले घेतली, तं सहावा पांढरा लिहिलेला, सातवा लाल. म्या म्हणलं, पोरीचा हात चुकला. गोळ्यांची झोप डोळ्यावर, त्यात लिहिलेलं. चांगली जोडी तोडून कोणी मधात पांढरा ओवते काय? बोटानं पांढरा सारला, लाल घातला, अन् पुढं गेली. "सहावा मणी" तिनं सांगतलं होतं ना? सांगतलं होतं. पण हाताले कोण सांगते!

रविवारी सकाळी त्याहीच्या घरी गेली. उकंडराव भिंतीले टेकून बसला होता, गोमतीबाई तांदूळ निवडून राह्यली होती. सुकेशनीनं चटईवर दोन्ही माळा शेजारी शेजारी ठेवल्या. मायले म्हणली, "माय, ही चांगल्या माणसाची, ही माही. फरक पाय." अन् बोटानं मोजाले लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्यावर बोट थांबलं. इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. दोन्ही लाल.

"चाची?"

"अवं, तू चुकली होती," मी तोऱ्यात म्हणली. "म्या दुरुस्त केलं."

पोरगी हसाले लागली. पोट धरून हसली, अन् हसता हसता तिच्या डोळ्यातून धारा लागल्या. "चाची वं, तू मले बरं करून टाकलं."

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. या अल्ला! एवढं समजावून सांगतलेलं अन् मी त्याच मण्यावर हात चालवला. धरणी फाटावी अन् मी आत जावं, असं झालं मले.

गोमतीबाईले काई कळेना. सुकेशनीनं तिचं बोट धरून त्या लाल मण्यावर ठेवलं. "इथं पांढरा पाह्यजे होता, माय. माह्या माळेत इथं पांढरा हाय. एवढाच फरक."

"एवढाच?" गोमतीबाई म्हणली. किती तरी वेळ ते बोट त्या मण्यावरून फिरवत राह्यली. मंग उठली. "हलिमा, तुह्या पेटीतला पांढरा मणी मीच घेऊन येते. माह्याच कडचा हाय ना तो."

एवढ्या साध्या आवाजात म्हणली ती. ती दारापर्यंत गेली असंन, तं मागून उकंडराव बोलला.

"एकानं भागत नाई. दोन लागतात. दोन्ही घरचे."

सुकेशनीनं मान वर केली. दोन लागतात, हे तिनं आतापर्यंत घरात सांगतलंच नव्हतं. "बाबा, तुमाले कसं माहीत?"

उकंडरावनं ती माळ हातात घेतली. सिमेंटानं फुटलेली बोटं त्याची, मणी बी नीट धरता येत नव्हते. "तू दुसरीत होती. मी वाशीमले कामावर होतो. तिथं तपासणीवाल्या बाया आल्या, बोटातून रक्त घेतलं. माह्यात बी निघालं. म्या तुह्या आजीले सांगतलं. ती म्हणली, माणसाच्या रक्तात खोट हाय म्हणून सांगतोस काय लोकायले? चूप राय. म्या ते तपासणीचं कार्ड फाडलं." मंग माळ खाली ठेवत म्हणला, "मी चूप राह्यलो, गोमती."

मले वाटलं, आता ही बाई रडीन, नाई तं नेहमीसारखी आत जाईन. पण ती दारात तशीच उभी राह्यली. बाहेर ऊन लख्ख पडलं होतं, अन् तिचा चेहरा काई मले दिसेना.

"सोळा वर्सं," ती म्हणली. "तुमच्या मायनं जिथं म्हणलं, तिथं येऊन म्हणा."

अन् चालाले लागली. उकंडराव उठला, चपला बी नाई घातल्या, मागं निघाला. मी सुकेशनीचा हात धरला, आमी बी निघालो. गल्ली तीच, घरं तीच, पण मले वाटे आपण झोपेतच चालून राह्यलो. हापशीवर चार-पाच बाया होत्या. उकंडराव ओट्यापाशी उभा राहून काई तरी बोलला. हापशीच्या आवाजात कोणालेच काई आयकू आलं नाई.

"हापशी थांबवा वं," गोमतीबाई म्हणली. दांड्यावरचा हात थांबला. "आता म्हणा."

"सुकेशनीचा आजार माह्याकडून बी आला," उकंडराव म्हणला. "हिच्या एकटीकडून नाई. मले माहीत होतं, अन् म्या हिले लोकायचं आयकू देलं." त्याचा आवाज फाटला, पण शेवटपर्यंत म्हणला तो. बाया एकमेकीच्या तोंडाकडे पाह्यत राह्यल्या. एकीची बकेट अर्धीच भरून राह्यली होती.

गोमतीबाईनं त्याच्याकडे पाह्यलं बी नाई. वळली, अन् तिथंच ओट्यावर मटकन बसली. सुकेशनीले जवळ ओढून घेतलं.

"तुले दुखे तवा मी इचारत नव्हती, पोरी," ती म्हणली. "पाय दाबून देओ, पाणी देओ, पण इचारत नव्हती. मले वाटे, देल्लं म्याच, आता कोणत्या तोंडानं इचारू? सांग आता. कुठं दुखते?"

सुकेशनीनं आधी खांद्यावर हात ठेवला. मंग कंबरेवर. मंग दोन्ही गुडघ्यांवर. गोमतीबाई एकेका जागी आपला हात ठेवत गेली, अन् पोरगी सांगत राह्यली.