मी जास्त वेळ घेणार नाही

गोरक्षनाथ औटी बोलत नाही, हे आमच्या गावात सर्वमान्य होतं.

बोलत नाही म्हणजे मुका नव्हे. चहा घेणार का विचारलं की मान उभी हलवायचा, नको असेल तर आडवी. मुलगी बघायला गेला तेव्हा पाव्हणे म्हणाले, मुलीला काही विचारायचं असंल तर विचारा. गोरक्षनं बराच विचार केला आणि मुलीच्या बापाला विचारलं, परतीची एसटी किती वाजता आहे. निकितावहिनी सांगतात, माणूस घराची ओढ असलेला दिसतोय म्हणून त्यांनी होकार दिला. पुढं कळलं, की त्या दिवशीचा बोलायचा कोटा त्या एसटीत संपला होता.

तोंडाचं सगळं काम त्यानं उजव्या अंगठ्याकडं सोपवलं होतं. सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे आरसे बनवणाऱ्या कंपनीत तो लाइनवर होता. जाता-येता कंपनीच्या बसमध्ये खिडकीला बसायचा आणि मोबाईलवर लिहायचा. बस गावच्या फाट्यावर थांबायच्या आत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि फेसबुकवर त्याचं लिहून पडलेलं असायचं. 'आज नळाला पाणी आलं. कोणी घाबरू नये, चुकून आलं आहे.' किंवा, 'फाट्यावरच्या बसथांब्याचं उद्घाटन झालं. आता बसची मागणी करायला हरकत नाही.' लोक घरात बसून हसायचे आणि ग्रुपवर नुसते हात जोडायचे, कारण ग्रुपमध्ये सरपंच होते. कोणी समोर येऊन म्हणालं, "गोरक्षा, लई भारी लिवलं," की हा मान हलवायचा. उभी.

अशा माणसाची नोकरी बोलण्यावरून जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

आता रविराजदादांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर त्यांना राग येईल. दादा माजी जिल्हा परिषद सदस्य आहेत आणि त्यांच्या मते भावीसुद्धा. सुप्याच्या कंपन्यांना माणसं पुरवायचा त्यांचा ठेका आहे. आमच्या गावातला निम्मा तरणा माणूस काम कंपनीचं करतो, शर्ट कंपनीचा घालतो आणि हजेरीवर दादांच्या असतो. गोरक्षही त्यातलाच.

हा झाला दादांचा धंदा. कार्य म्हणाल तर दशक्रिया.

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्या दिवशी ओढ्याच्या घाटावर मंडप पडतो. महाराजांचं प्रवचन होतं, मग घरचे लोक पिंड नेऊन ठेवतात आणि सगळे कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली नाही, चला जेवायला. पण कावळा कधी येईल याचा नेम नसतो. तो वेळ मोकळा जाऊ नये म्हणून पुढाऱ्यांनी श्रद्धांजलीची भाषणं सुरू केली. एवढी माणसं फुकट आणि गप्प बसलेली दुसरीकडं सापडत नाहीत. दादांनी तालुक्यातली एकही दशक्रिया चुकवलेली नाही. माइक हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मी जास्त वेळ घेणार नाही." त्यानंतर लोक मांडी बदलून बसतात.

कारभारीतात्या गेले तेव्हाही असंच झालं. तात्या साधा माणूस. जन्मभर डेअरीला दूध घातलं आणि कोणाच्या अध्यात मध्यात पडले नाहीत. त्यांच्या पिंडाकडं कावळा लगेच उतरला. सगळ्यांनी बघितला. पिंडापासून हातभर लांब येऊन बसला आणि मान तिरकी करून अंदाज घ्यायला लागला. नेमके तेव्हा दादा बोलत होते. तात्या या विषयावरून ते घाटाच्या रस्त्यावर आले होते आणि त्या भरात त्यांनी जाहीर केलं, की या रस्त्याच्या डांबरीकरणाला मंजुरी मिळाली आहे.

कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांचाही दोष नाही. मंजुरी म्हटलं की त्यांचे हात आपोआप उठतात. आपण कुठं बसलोय हे लक्षात यायच्या आत वाजून झाल्या होत्या. दादा म्हणाले, "टाळ्या नकोत, दुःखाचा प्रसंग आहे." कावळ्यानं ते ऐकलं नाही, तो तोवर ओढ्यापलीकडं गेला होता.

मग परत आला नाही. तात्यांच्या घरचे विनवण्या करून थकले. गाय विकणार न्हाई, शेताचा तुकडा पडू देनार न्हाई, भावाभावांत बोलनं ठेवू. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक खाली माना घालून जेवायला बसले.

गोरक्षच्या हातात मोबाईल होता. कावळा उतरतो इथपासून तो उडतो इथपर्यंतचं सगळं त्यात आलं होतं, टाळ्यांसकट. संध्याकाळी त्यानं ते फेसबुकवर टाकलं आणि वर लिहिलं:

'कारभारीतात्यांची कसलीच इच्छा राहिली नव्हती. दादांची बोलायची राहिली होती.'

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ नगरला पोचला, तिथून पुण्याला, आणि गावातल्या एकाला दुबईवरून आला. दादांना मानणाऱ्या मंडळींच्या भावना दुखावल्या. दुखावल्याचं त्यांनी दुपारी ठरवलं आणि अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेले. फौजदारांनी व्हिडिओ बघितला, परत एकदा लावायला सांगितला आणि विचारलं, यात गुन्हा नेमका कोणाचा धरायचा. मंडळी अर्ज घेऊन परत आली.

गोरक्षला मात्र फोन आला, उद्यापासून यायचं नाही.

तो कंपनीत गेला. कंपनीचे साहेब म्हणाले, आमची काही तक्रार नाही, काम चांगलं आहे, पण तुम्ही आमचे माणूस नाही, ठेकेदाराचे आहात. तो दादांकडं गेला. दादा म्हणाले, माझ्या मनात काही नाही रे, पण कंपनीला वादग्रस्त माणूस नको असतो. दोघांचाही राग नव्हता. फक्त नोकरी गेली होती.

घर त्या नोकरीवर होतं. सृष्टी, म्हणजे त्याची पोरगी, सुप्याच्या शाळेत जायची. निकितावहिनी ब्लाउज शिवायच्या, पण गावात ब्लाउज लागून लागून किती लागणार. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या अंगठ्याला आता कोन ठेवनार हाय का कामाला?"

गोरक्ष सम्राटकडं आला. सम्राट साळवे आमच्या बरोबरचा, पारनेरच्या कोर्टात वकिली करतो. मी तिथंच बसलो होतो. गोरक्षनं मोबाईलवर टाइप केलं, घटनेत बोलायचं स्वातंत्र्य आहे ना, आणि स्क्रीन सम्राटपुढं धरली.

"आहे की," सम्राट म्हणाला. "पण ते सरकारच्या विरुद्ध वापरायचं असतं. ठेकेदार त्यात बसत नाही. पोलिसांनी उचललं असतं तर मी तुला उभं-आडवं स्वातंत्र्य दाखवलं असतं. तुझं नशीबच खोटं, नुसती नोकरी गेली."

मग तो कामगार कायद्यावर बोलला. दावा लावता येईल, चांगला दावा आहे, निकाल लागेल तोवर सृष्टीचं लग्न झालेलं असेल. उठता उठता म्हणाला, "आमच्या बौद्धांत बरं आहे बाबा, कावळ्याची भानगडच नाही. भाषणं आहेत, आणि तुमच्यापेक्षा लांब आहेत. पण उडून जायला कोणी नसतं."

दादांचा निरोप चार माणसांकडून आला. व्हिडिओ काढून टाक आणि चारचौघांत माइकवर माफी माग, मग बघू. व्हिडिओबद्दल गोरक्ष काही बोलला नाही. अर्थात, कशाबद्दलच बोलला नाही.

पण त्याला एक गोष्ट टोचत होती. गावातल्या बाया म्हणायला लागल्या होत्या, की कारभारीतात्यांचा जीव अडकलाय, सगळ्या दुनियेनं बघितलं, पिंड तसाच पडला हुता. तात्यांची बायको बनुकाकू डेअरीला यायची बंद झाली होती. ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये तिच्या नवऱ्याचा न शिवलेला पिंड होता.

तो तिच्या घरी गेला. मला बरोबर घेऊन गेला, बहुतेक बोलायला. काकू गोठ्यात वैरण टाकत होती. मी सुरुवात केली, गोरक्षचा हेतू तसा नव्हता वगैरे. काकूनं मला हातानंच थांबवलं.

"तुला न्हाई इचारलं. गोरक्षा, तू तिथं हुतास ना?"

त्यानं मान हलवली.

"कावळा बसल्याला तुला दिसला. माझ्या डोळ्यात पानी, मला न्हाई दिसला. तुला दिसला. तवा म्हनायचं हुतंस ना दादाला, की दादा, गप बसा. एवढाच शब्द. मोबाईल धरला हुतास का न्हाई? तसाच एक हात वर करायचा हुता."

गोरक्ष गोठ्याच्या मेढीला धरून उभा राहिला.

"मागून काय, समदं जगच बोलतंय," काकू म्हणाली आणि वैरण टाकायला लागली.

त्यानं तिथंच उभ्या उभ्या व्हिडिओ काढून टाकला. दादांना वाटलं, आपल्यासाठी काढला. त्यांनी तो पहिला हप्ता धरला आणि आता माफी तेवढी राहिली.

ती संधी रंगुबाईंनी दिली. रंगुबाई म्हणजे दादांची चुलती, पिकून गेलेली म्हातारी. ती गेली आणि दादांनी निरोप धाडला, दशक्रियेला ये, माझ्या आधी माइकवर दोन शब्द बोल, दुसऱ्या दिवशी बसमध्ये बस. घरचं कार्य असलं तरी असा मंडप वाया घालवायचा नसतो.

सम्राटनं माफी लिहून दिली. 'कोणाच्याही भावना दुखावण्याचा माझा हेतू नव्हता, तथापि अनवधानाने दुखावल्या गेल्या असल्यास' अशी चांगली लांबलचक. गोरक्षनं ती पाठ केली. निकितावहिनींनी त्याला म्हशीपुढं उभं राहून म्हणताना ऐकलं. त्या म्हणाल्या, लग्नापासून एवढं सलग कधी बोलला नव्हता. त्यांनी कंपनीचा शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवला.

दशक्रियेला घाट भरून गेला. निम्मे लोक रंगुबाईंसाठी आले होते, निम्मे गोरक्षचा आवाज कसा आहे ते ऐकायला. प्रवचन झालं, पिंड ठेवला, एक माजी सभापती आणि एक पतसंस्थेचे चेअरमन बोलले. कावळा बाभळीवर बसून होता. त्यानं दोघांनाही ऐकून घेतलं. मग दादा उठले, गोरक्षला पुढं बोलावलं आणि म्हणाले, आधी आपला गोरक्ष दोन शब्द बोलेल, मग मी. माइक त्याच्या हातात दिला.

नेमका तेव्हा कावळा खाली आला. पिंडापासून हातभर.

गोरक्ष माइक धरून उभा. लोक त्याच्याकडं बघत होते, तो कावळ्याकडं बघत होता. दादांनी खालच्या आवाजात म्हटलं, बोल की. बायकांच्या बाजूला, पुढंच, बनुकाकू बसली होती. गोरक्षनं दुसरा हात वर केला. माइक तोंडाजवळ नेला नाही, खालीच धरून ठेवला, आणि जे काही बोलला ते साध्या तोंडानं बोलला. तरी मागपर्यंत ऐकू गेलं, इतकी शांतता होती.

"दादा, कावळा आलाय. त्याला शिवू द्या. मग बोलू."

दादांचा एक कार्यकर्ता माइक घ्यायला उठला. बनुकाकू म्हणाली, "बस खाली." तो बसला. गोरक्षनं माइक पोटाशी धरला. माइक त्याच्याकडं असेपर्यंत कोणालाच काही बोलता येत नव्हतं, आणि हातून ओढून घ्यावा तर चुलतीचाच कावळा उडाला असता. दादा हात जोडून उभे राहिले. त्यांना तसं बघायची आम्हाला सवय नव्हती.

कावळ्यानं मान तिरकी केली, दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली. रंगुबाईंच्या लेकी रडल्या.

आणि मग जे नेहमी होतं तेच झालं. कावळा शिवला, लोक उठले. ज्याला त्याला हात धुवायचे होते आणि पहिल्या पंगतीत जागा धरायची होती. गोरक्षनं कबूल केल्याप्रमाणे माइक तोंडाजवळ नेला आणि माफी म्हटली. अनवधानाने सकट, एकही शब्द चुकला नाही. तोवर मंडपात दादा, सम्राट, मी आणि वायरी गुंडाळणारा मंडपवाला एवढेच उरलो होतो.

दादांनी माइक घेतला. समोरच्या रिकाम्या सतरंज्यांकडं बघितलं. "मी जास्त वेळ घेणार नाही," ते म्हणाले, आणि आम्ही ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदा शब्दाला जागले.

दुसऱ्या दिवशी गोरक्ष इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर गेला. कार्ड लागलं नाही. दादांना फोन लावला तर ते म्हणाले, माफी चारचौघांत ठरली होती. सम्राटनं मोजून दाखवलं, की मंडपवाला धरून बरोबर चारच जण होते. पण दादांनी स्वतःला त्यात धरायला नकार दिला.

आता गोरक्ष मेव्हण्याच्या पिकअपवर कांदा वाहतो. दावा सम्राटनं लावलाय, तारखा चालू आहेत. फेसबुकवर लिहितो, पण कमी. गाडी चालवताना अंगठा मोकळा नसतो.

एक काम मात्र त्याच्याकडं नवीन आलंय. गावात दशक्रिया असली, की पिंड ठेवल्याबरोबर घरचे लोक माइक आणून गोरक्षच्या हातात देतात. हे बनुकाकूनं सुरू केलं, तात्यांच्या वर्षश्राद्धाला. गोरक्ष माइक पोटाशी धरून कावळा शिवेपर्यंत उभा राहतो आणि काही बोलत नाही. याचा पगार नाही, पण त्याला ते जमतं. दादा अजूनही येतात, हात जोडून त्याच्या शेजारी थांबतात, आणि मग सगळ्यांबरोबर पंगतीला बसतात.